बीअर, विटा आणि मतं: शिकागोच्या हेसिंगचं राजकारण समजून घेऊया

२०२५ च्या नोव्हेंबरात युगांडात जन्मलेले झोहरान ममदानी न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आले आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस नुसता धुमाकूळ. न्यू जर्सीतला मावसभाऊ, पुण्यातले काका, सगळे तावातावाने. एकाचं म्हणणं, बाहेरून आलेल्यांनी आता शहरंच ताब्यात घ्यायला सुरुवात केली, असं अमेरिकेत आधी कधी झालं नव्हतं. दुसऱ्याचं म्हणणं, ही सगळी व्होट बँक, बाकी काही नाही. मी गप्प बसलो, कारण ग्रुपवर चार ओळींच्या वर लिहिलं की कुणी वाचत नाही, पण ते 'आधी कधी झालं नव्हतं' काही डोक्यातून जाईना. कारण दीडशे वर्षांपूर्वी तिथं हेच चाललं होतं, याच शब्दात, याच आवेशात, आणि तेव्हा लोकांना भीती वाटायची ती जर्मनांची. हो, जर्मनांची. आज अमेरिकेत ज्याचं आडनाव म्युलर किंवा श्मिट आहे त्याच्याकडे कुणी वळूनसुद्धा बघत नाही, त्यांची.

म्हणून ही शिकागोच्या अँटन हेसिंगची गोष्ट. हा माणूस कधी महापौर झाला नाही. निवडून आला तो एका काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, शेरीफच्या पदावर. पण साधारण दहा वर्षं शिकागोत कुठल्याही पक्षाला निवडणुकीचा विचार करायचा तर आधी 'हेसिंग काय म्हणतोय' हे बघावं लागायचं. हे कसं जमतं ते कळलं की अमेरिकन शहरातलं स्थलांतरितांचं राजकारण बऱ्यापैकी कळतं.

आधी शहर बघा

१८७० साली शिकागोची लोकसंख्या तीन लाखाच्या आसपास होती आणि त्यातले जवळजवळ निम्मे लोक परदेशात जन्मलेले. सगळ्यात मोठा गट जर्मनांचा, पन्नास हजाराच्या वर, आणि हे फक्त जर्मनीत जन्मलेले, त्यांची इथं झालेली पोरंबाळं वेगळीच. त्यांच्यामागे आयरिश. नदीच्या उत्तरेकडचा भाग, ज्याला नॉर्थ साइड म्हणतात, तिथं दुकानाच्या पाट्या जर्मन, चर्चमधली प्रवचनं जर्मन, बीअरचे कारखाने तर जर्मनच.

आता इथं एक गंमत आहे. 'जर्मनीतून आलेले' असं आपण सहज म्हणतो, पण जर्मनी नावाचा एकसंध देश १८७१ च्या जानेवारीत झाला. हेसिंग आला तेव्हा तो होता ओल्डेनबुर्ग नावाच्या छोट्या संस्थानातला. शेजारच्या घरातला बव्हेरियाचा, पलीकडचा प्रशियाचा, कुणी कॅथलिक, कुणी लुथरन, कुणी १८४८ च्या फसलेल्या क्रांतीनंतर पळून आलेला आणि चर्चचं नाव काढलं तरी चिडणारा. हे सगळे आपापल्या गावी एकमेकांना परकेच मानायचे. शिकागोत उतरले तेव्हा गोऱ्या अमेरिकनाने सगळ्यांना एकच शिक्का मारला, जर्मन. म्हणजे ती जी 'व्होट बँक' म्हणतात ती बोटीतून तयार होऊन उतरली नव्हती, ती तिथं बनवावी लागली. कुणी बनवली आणि कशाने, तीच खरी गोष्ट.

दुसरं म्हणजे महापौर हा शब्द. आपल्याकडे महापौर म्हणजे बराचसा मानाचा कारभार, खरी सही आयुक्तांची. अमेरिकेत महापौराला लोक थेट निवडतात आणि प्रशासन त्याच्या हाताखाली असतं, अर्थात १८७० च्या दशकात तिथंही त्याचे हात बरेच बांधलेले होते, पोलिसांवर वेगळं बोर्ड, आगीच्या खात्यावर बोर्ड. नगरसेवकाला तिथं आल्डरमन म्हणतात, मी नगरसेवकच म्हणतो. तेव्हा वीस वॉर्ड होते आणि दर वॉर्डातून दोन नगरसेवक.

मत टाकायची पद्धतच वेगळी होती

हे नाही कळलं तर पुढचं काही कळणार नाही. आज आपण मशीनचं बटण दाबतो, त्याआधी सरकारने छापलेल्या मतपत्रिकेवर शिक्का मारायचो. तेव्हा अमेरिकेत सरकार मतपत्रिका छापतच नव्हतं. प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवारांची यादी स्वतः छापायचा, वरपासून खालपर्यंत, महापौर, खजिनदार, नगरसेवक सगळे एकाच कागदावर, आणि मतदार ती चिठ्ठी घेऊन जाऊन पेटीत टाकायचा. ह्या चिठ्ठीला म्हणायचे तिकीट. आपल्याकडे 'अमक्याला तिकीट मिळालं' म्हणतात ना, तोच शब्द. गुप्त मतदान इलिनॉय राज्यात आलं १८९१ साली, तोपर्यंत तुम्ही कुठली चिठ्ठी टाकली हे बाजूला उभा असलेला कार्यकर्ता बघू शकायचा.

आता विचार करा, तुम्ही नुकतेच नागरिक झालात, इंग्रजी वाचता येत नाही, त्या कागदावर बारा-पंधरा नावं. तुम्ही कुणाला विचारणार? ज्याची भाषा तुमची आहे आणि ज्याचा पेपर तुम्ही रोज वाचता त्याला. किराणा दुकानात जसं आपण ओळखीच्या वाण्याला म्हणतो, तू दे बाबा चांगलं बघून, तसंच. आणि हेसिंगची सुरुवात खरोखर किराणा दुकानापासूनच झाली.

हेसिंग कोण

जन्म १८२३, फेक्टा नावाचं गाव. लहान वयात आईबाप गेले, १८४० च्या आसपास पोरसवदा असतानाच अमेरिकेत आला, ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत किराणा मालाच्या धंद्यात पडला. तिथंच मुलगा झाला त्याचं नाव ठेवलं वॉशिंग्टन. म्हणजे बघा, बाप जर्मन आणि पोराचं नाव थेट अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाचं. १८५० च्या दशकाच्या मध्यावर शिकागोला आला आणि विटांचा कारखाना काढला. (विटांचा, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) १८५७ ची मंदी आली, धंदा बुडाला, मग राजकारण.

कुठल्या पक्षात? इथं लोक गडबडतात. त्या काळात कॅथलिक स्थलांतरित म्हटलं की डेमोक्रॅटिक पक्ष असं साधारण समीकरण होतं, कारण आयरिश सगळे तिकडे. हेसिंग जन्माने कॅथलिक पण तो गेला रिपब्लिकन पक्षात, जो तेव्हा नवा कोरा होता आणि गुलामगिरी पसरू द्यायची नाही यावर उभा राहिला होता. बऱ्याच जर्मनांना ते पटत होतं. १८६० साली, ज्या निवडणुकीत लिंकन राष्ट्राध्यक्ष झाला त्याच वेळी, हेसिंग शिकागो ज्यात येतं त्या कुक काउंटीचा शेरीफ झाला. शेरीफ म्हणजे सिनेमातला घोड्यावरचा नव्हे, काउंटीचं जेल, समन्स, जप्त्या, लिलाव हे सगळं बघणारा अधिकारी, आणि हाताखाली नोकऱ्या द्यायला भरपूर जागा.

पेपर म्हणजे काय चीज होती

शेरीफपद दोन वर्षांचं होतं, आलं आणि गेलं. खरी ताकद आली ती 'इलिनॉय श्टाट्स-त्साइटुंग' ह्या जर्मन दैनिकातून. हेसिंगने १८६० च्या दशकात आधी त्यात भागीदारी घेतली आणि मग आख्खा पेपरच घेतला.

जर्मन मतांसाठी जर्मन पेपर हवा ही काही हेसिंगची अक्कल नव्हती, हे सगळ्यांना कळत होतं. स्वतः लिंकनने १८५९ साली स्प्रिंगफील्डमधल्या एका जर्मन पेपरचा छापखाना स्वतःच्या पैशाने विकत घेतला होता, करार करून, की बाबा हा पेपर रिपब्लिकन धोरणानेच चालला पाहिजे. ज्याला जर्मन वाचता येत नव्हतं त्याने जर्मन पेपर घेतला! निवडणूक झाली, काम झालं, पेपर संपादकाला परत देऊन टाकला. आपल्याला लिंकन म्हटलं की पुतळाच दिसतो पण हा माणूस वॉर्डातल्या कार्यकर्त्यासारखं डोकं चालवायचा.

हेसिंगचा फरक असा की त्याने पेपर परत दिला नाही. रोज सकाळी हजारो घरांत तो जायचा. त्यात जुन्या मुलखातल्या बातम्या, नोकरीच्या जाहिराती, मेलेल्यांच्या बातम्या, क्लबांचे कार्यक्रम, आणि मधे हळूच कुणाला मत द्यायचं ते. आजचा एखादा समाजाचा व्हॉट्सॲप ग्रुप घ्या ज्यात वाढदिवस पण येतात आणि उमेदवाराचा बॅनर पण येतो, तो एका माणसाच्या मालकीचा आहे असं समजा.

इंग्रजीत अशा माणसाला 'बॉस' म्हणतात आणि त्याच्या यंत्रणेला 'मशीन'. मशीन म्हणजे थोडक्यात मतांच्या बदल्यात नोकऱ्या, कामं आणि संरक्षण देणारी कायमस्वरूपी व्यवस्था. पण न्यूयॉर्कमधल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या टॅमनी हॉल ह्या संघटनेसारखं घट्ट मशीन शिकागोत तेव्हा नव्हतं, तिथं प्रत्येक वॉर्डात वेगळा पाटील. हेसिंगकडे होतं ते भाषेचं जाळं, आणि ते ताणायला काहीतरी निमित्त लागायचं. निमित्तं दोन मिळाली, रविवार आणि विटा.

रविवारी बीअर पिण्यात एवढं काय होतं

जुनं प्रकरण आधी. १८५५ साली शिकागोत लीव्हाय बून नावाचा महापौर आला, परदेशी लोकांच्या विरोधात निघालेल्या 'नो-नथिंग' पक्षाच्या पाठिंब्यावर. त्याने दारूविक्रीच्या लायसन्सची फी ५० डॉलरवरून ३०० डॉलर केली आणि रविवारी दुकानं बंद ठेवायचा जुना नियम बाहेर काढला. पकडापकड झाली ती जर्मन बीअरवाल्यांची. २१ एप्रिलला खटल्यांच्या दिवशी नॉर्थ साइडचे जर्मन मोर्चा घेऊन नदी ओलांडायला निघाले, तर पालिकेने नदीवरचा फिरता पूल मधेच फिरवून टाकला, जमाव अर्धा इकडे अर्धा तिकडे. गोळीबार झाला, माणूस मेला. इतिहासात ह्याला लागर बीअर दंगल म्हणतात. पुढच्याच वर्षी बूनची मंडळी हरली आणि नियम पुन्हा कागदावर झोपला.

आता आपल्याला वाटतं की च्यायला बीअरसाठी दंगल? पण जरा त्यांच्या जागी उभं राहून बघा. आठवड्याचे सहा दिवस काम, रोज दहा तास किंवा जास्त. सुट्टी एकच. जर्मन माणूस रविवारी सकाळी चर्चला जायचा (जाणारा असेल तर) आणि दुपारी बायकापोरांना घेऊन बीअर गार्डनमध्ये, म्हणजे झाडाखाली टेबलं, बँड वाजतोय, आजी पण बसलीय, पोरं पळतायत. त्याच्या दृष्टीने हा कौटुंबिक कार्यक्रम. जुन्या प्युरिटन, म्हणजे कडक सोवळ्या ख्रिस्ती वळणाच्या अमेरिकनाच्या दृष्टीने रविवार म्हणजे देवाचा दिवस, गप्प बसायचं, आणि दारू म्हणजे थेट नरक. शिवाय त्याच्या घरात, त्याच्या क्लबात रविवारी काय चालायचं ते कुणी बघायला जात नव्हतं. श्रीमंत माणूस घरात बाटली ठेवतो, गरीब माणूस गुत्त्यावर पितो, आणि बंदी नेहमी गुत्त्यावर येते.

गुत्ता म्हणजे सलून, आणि तो फक्त प्यायचा अड्डा नव्हता. तिथं पेपर वाचायला मिळायचा, कुठं काम निघालंय ते कळायचं, युनियनच्या आणि वॉर्डाच्या मीटिंगा तिथंच. सलून बंद म्हणजे गरीबांचं ऑफिस बंद.

आग लागली आणि विटांचा प्रश्न आला

८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री शिकागोची ती प्रसिद्ध आग लागली. सतरा हजारांवर इमारती गेल्या, सुमारे तीनशे माणसं मेली, लाखभर लोक बेघर. नॉर्थ साइड तर जवळजवळ आख्खी बेचिराख. महिन्याभरात निवडणूक होती, त्यात 'फायरप्रूफ' म्हणजे अग्निरोधक ह्या नावाच्या तिकिटावर शिकागो ट्रिब्यून पेपरचा जोसेफ मेडिल महापौर झाला. त्याची मागणी अशी की यापुढे शहराच्या हद्दीत लाकडी घर नको. विटांचंच बांधा.

ऐकायला एकदम बरोबर. आग लाकडाला लागते, लाकूड नको. पण नॉर्थ साइडच्या जर्मन कामगाराकडे होतं काय तर काटकसर करून घेतलेला एक छोटा प्लॉट आणि त्यावर जळून गेलेलं लाकडी घर. विम्याच्या अनेक कंपन्याच आगीत बुडाल्या होत्या. विटांचं घर लाकडी घरापेक्षा कितीतरी महाग. म्हणजे नियम झाला तर तो बांधू शकत नाही, बांधता येत नाही म्हणून प्लॉट विकावा लागणार, आणि घेणार कोण तर ज्याच्याकडे विटांचे पैसे आहेत तो. झोपडपट्टीला आग लागली आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं की इथं आता फक्त आरसीसीच बांधायचं, तर जे होईल ते.

१५ जानेवारी १८७२ च्या संध्याकाळी नॉर्थ साइडचा मोर्चा पालिकेवर गेला आणि पुढे हेसिंग. जो एकेकाळी विटांचा कारखानदार होता तो विटांच्या सक्तीविरुद्ध! आत सभा चालू होती, बाहेरून कुणीतरी भिरकावलं आणि खिडक्या फुटल्या. इंग्रजी पेपरांनी दुसऱ्या दिवशी झुंड, दंगेखोर वगैरे सगळी विशेषणं काढली. पण नगरसेवकांना मतं दिसत होती. शेवटी तडजोड झाली, लाकूडबंदीची हद्द अशी आखली की कामगारवस्तीचा मोठा भाग बाहेर राहिला.

मला ह्या सगळ्या कहाणीतली ही सगळ्यात महत्त्वाची जागा वाटते, बीअरपेक्षाही. कारण इथं 'जर्मन' म्हणून जे लोक एकत्र आले ते खरं तर छोट्या घराचे मालक म्हणून आले होते, त्यात आयरिश पण होते. भाषा ही त्यांना बोलवायची घंटा होती, मागणी घराची होती.

१८७३: दोन पेपरवाल्यांची कुस्ती

मेडिलने राज्याकडून महापौराचे अधिकार वाढवून घेतले होते. शहरात गुन्हे वाढले म्हणून १८७२ मध्ये प्रतिष्ठित नागरिकांची 'सत्तरांची समिती' बसली, सुरुवात चोऱ्यामाऱ्यांपासून झाली आणि गाडी फिरून फिरून परत तिथंच आली, रविवारी सलून बंद करा. मेडिलने आधी टाळाटाळ केली, मग पोलिसांना हुकूम गेले. हेसिंगला आयतं कोलीत मिळालं.

१८७३ च्या उन्हाळ्यात मेडिल इतका वैतागला की महापौरपद दुसऱ्याकडे हंगामी म्हणून देऊन युरोपला निघून गेला, मुदत संपायच्या आधीच. इकडे हेसिंगने असं काही केलं जे कुणाला शक्य वाटत नव्हतं, जर्मन आणि आयरिश एका तिकिटावर आणले. हे दोघं एकमेकांना पाण्यात बघायचे बरं का, कामावर स्पर्धा, चर्चमध्ये भांडणं, पक्ष वेगळे. आयरिश बाजूचा पुढारी डॅनियल ओ'हारा. नाव ठेवलं पीपल्स पार्टी, लोकांचा पक्ष. आणि सगळ्यात वर, महापौरपदासाठी, ना जर्मन ना आयरिश, हार्वी कॉल्विन नावाचा अमेरिकेतच जन्मलेला साधासा बिझनेसवाला. खालच्या पदांवर आपली माणसं. दुकानाच्या पाटीवर एक नाव आणि गल्ल्यावर दुसराच, तसं. ४ नोव्हेंबर १८७३ ला हे तिकीट दणदणीत जिंकलं.

आणि हरलेल्या बाजूचं काय निघालं? कायदा आणि सुव्यवस्था म्हणून मतं मागणाऱ्या त्या तिकिटावर शहराचा खजिनदार डेव्हिड गेज पुन्हा उभा होता. तो हरला, हिशोब द्यायची वेळ आली आणि तिजोरीत पाच लाख डॉलरच्या आसपास कमी. नवा खजिनदार झाला ओ'हारा.

'पण कायदा तो कायदा, पाळायला नको का?'

हा प्रश्न बरोबर आहे, आणि मी त्याला उडवून लावणार नाही. १४ जुलै १८७४ ला शिकागोत पुन्हा मोठी आग लागली, ह्या वेळी शहराच्या दक्षिण भागात, आठशेच्या आसपास इमारती गेल्या. मग विमा कंपन्यांनी शहरातून निघून जायचा दम दिला आणि लाकूडबंदी सगळ्या शहराला लागू झाली. म्हणजे आगीच्या बाबतीत मेडिलचंच खरं होतं असं म्हणता येईल, मी तरी म्हणतो. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, नियम चांगला आहे का, आणि त्याचा खर्च कुणी भरायचा. पालिका दुसऱ्या प्रश्नावर बोलतच नव्हती. स्वस्त कर्ज देऊन विटा घ्या म्हणाली असती तर हेसिंगच्या मोर्चाला किती लोक आले असते?

रविवारच्या नियमाचं तर सरळ आहे. वर्षानुवर्षं पुस्तकात पडलेला नियम एका गटाला धडा शिकवायला अचानक बाहेर काढला जातो तेव्हा त्या गटाला तो नियम वाटत नाही, अपमान वाटतो. १८५५ ला हेच झालं आणि अठरा वर्षांनी परत तेच, शिकागोच्या मोठ्या लोकांची स्मरणशक्ती ह्या बाबतीत फारच कच्ची निघाली.

'म्हणजे हेसिंग गरीबांचा कैवारी?'

नाही हो. इथंच बहुतेक लोक घसरतात, एक तर देव करतात नाहीतर राक्षस.

पीपल्स पार्टी आली, रविवारची सलून उघडली, तो शब्द पाळला. पण त्याच सुमारास १८७३ ची मोठी मंदी सुरू झाली, हिवाळ्यात हजारो बेकार कामगार काम द्या नाहीतर मदत द्या म्हणत शिकागोच्या रस्त्यावर उतरले, आणि ज्यांच्या नावाने पक्ष काढला त्या लोकांसाठी ह्या सरकारकडे फारसं काही नव्हतं. फायदा कुणाला झाला तर जुगाराचे अड्डे चालवणाऱ्या माइक मॅकडॉनल्डसारख्या माणसाला, तो ह्या निवडणुकीपासून जो मोठा झाला तो पुढची बरीच वर्षं. वर कॉल्विनसाहेब मुदत संपली तरी खुर्ची सोडेनात, १८७६ मध्ये काही आठवडे शिकागोला दोन महापौर होते आणि प्रकरण कोर्टात.

आणि मग व्हिस्की रिंग. हा शब्द एकदाच समजून घ्या. दारू गाळणाऱ्यांना केंद्र सरकारला गॅलनमागे ७० सेंट, नंतर ९० सेंट कर द्यायचा होता. कारखानदार आणि सरकारी मोजणीदार संगनमत करून माल कमी दाखवायचे, वाचलेला कर आपसात वाटून घ्यायचे, आणि त्यातला वाटा राजकारण्यांना. सेंट लुईस, शिकागो, मिलवॉकी, सगळीकडे. १८७५ च्या मे महिन्यात अर्थखात्याच्या ब्रिस्टो ह्या मंत्र्याने एकदम धाडी घातल्या, शंभराहून जास्त लोकांना शिक्षा झाल्या. शिकागोत ह्या जाळ्याच्या मध्यभागी जेकब रेम नावाचा माणूस होता, जो शहराचा पोलिसप्रमुख राहिलेला. त्याने सरकारच्या बाजूने साक्ष दिली. हेसिंगवर खटला झाला, त्याने गुन्हा कबूल केला आणि जेलमध्ये गेला. ज्या कुक काउंटीचं जेल त्याने शेरीफ म्हणून सांभाळलं होतं त्याच काउंटीच्या जेलमध्ये.

त्यामुळे तो भ्रष्ट होता का, हो. पण गेज पण होताच की, तो तर सुधारकांच्या तिकिटावर होता. भ्रष्टाचार ही काय जर्मन बोटीतून आलेली वस्तू नव्हती, पण पेपरातून ती तशी रंगवली गेली. आपला चोर आणि परका चोर यांच्यात लोक फार फरक करतात.

'तरी पण मेडिल अमेरिकन होता आणि हेसिंग परका, हे तर खरं ना?'

हा आक्षेप मी मुद्दाम शेवटी ठेवला. जोसेफ मेडिलचा जन्म कुठला? कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकचा. साल १८२३. म्हणजे हेसिंग आणि मेडिल एकाच वर्षी जन्मलेले, दोघंही परदेशात, दोघंही लहानपणी किंवा पोरवयात अमेरिकेत आलेले, दोघंही रिपब्लिकन, दोघंही पेपरवाले आणि दोघंही पेपर वापरून राजकारण करणारे. शिकागोला आजवर परदेशात जन्मलेले महापौर दोनच मिळाले, त्यातला एक मेडिल. पण मेडिलला कुणी कधी इमिग्रंट नेता म्हटलं नाही. त्याच्या वाचकांना इंग्रजी व्होट बँक म्हटलं नाही. तो 'शहराच्या हिताचं' बोलायचा आणि हेसिंग 'जर्मनांच्या हिताचं'. फरक होता भाषेचा, आणि रविवारी दुपारी काय करता त्याचा.

आमच्या ग्रुपवरच्या काकांना मला हेच सांगायचं होतं. व्होट बँक हा शब्द आपण नेहमी दुसऱ्याच्या मतांसाठी वापरतो.

पुढे काय झालं

जेलनंतर हेसिंग संपला असं नाही, पेपर चालू राहिला, पण ती जुनी हुकमत गेली. १८९५ मध्ये तो वारला. मुलगा वॉशिंग्टन हेसिंग येल युनिव्हर्सिटीत शिकला, शिकागोचा पोस्टमास्टर झाला, १८९७ ला महापौरपदासाठी अपक्ष उभा राहिला आणि हरला. बापाने कधी स्वतः ती खुर्ची मागितली नाही, मुलाने मागितली आणि मिळाली नाही.

पण हेसिंगने जी रेसिपी काढली ती शिकागोत कुणी विसरलं नाही, वेगवेगळ्या देशांतून आलेल्या लोकांना त्यांच्या रविवारच्या ग्लासाभोवती एकत्र करायचं आणि एका तिकिटावर घालायचं. परदेशात जन्मलेला दुसरा महापौर अँटन चेर्माक, बोहेमियातला, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दारूबंदीला विरोध करणाऱ्या स्थलांतरितांच्या संघटनांची जी मोट बांधली गेली होती तिचा तो पुढारी होता, तिथून वर चढत १९३१ मध्ये तो शिकागोचा महापौर झाला. नाव पण अँटनच, योगायोग.

आणि ती लाकडी घरं? नॉर्थ साइडला ओल्ड टाउन म्हणून भाग आहे. तिथं १८७१ ची आग आणि १८७४ ची पूर्ण बंदी ह्यांच्या मधल्या तीन वर्षांत घाईघाईत बांधलेली कामगारांची छोटी लाकडी घरं अजून उभी आहेत. पालिकेने त्या वस्तीला ऐतिहासिक वारसा म्हणून संरक्षण दिलंय, म्हणजे आता तिथलं लाकूड काढून विटा लावायच्या म्हटलं तर आधी पालिकेची परवानगी काढावी लागते.